भाजीपुरती गुजराती

सुरतेच्या लिंबायतमधल्या त्या गल्लीत कुणाचं काही अडलं की माणूस निंबा मास्तरांच्या दारात यायचा. शाळेत शिकवणारे मास्तर नव्हेत हे. उधन्याच्या लूमखात्यात जो यंत्रं बसवतो, बिघडली की सुधारतो, त्याला कामगार मास्तर म्हणतात, तसले मास्तर. पण गल्लीतले लोक यायचे ते त्यांच्या पान्यासाठी नव्हे, जिभेसाठी. शेठशी ते अस्सल सुरती गुजरातीत बोलत, ओडिया नि यूपीच्या कामगारांशी हिंदीत, आणि संध्याकाळी घरचा उंबरा ओलांडला की अहिराणीत. कुणाची रजा अडकली, कुणाला खोलीमालक घर रिकामं करायला सांगतोय, की मास्तरांना पुढे करायचं. मास्तर दोन गोड नि एक तिखट असं बोलून काम करून आणत.

त्यांची बायको कलाबाई मात्र लग्न होऊन सुरतेत आली तशी खानदेशातच राहिली होती म्हणा ना. गल्लीत भाजीवाली अमळनेरची, पिठाच्या चक्कीवाला धरणगावचा, शेजारची उषाबाई पारोळ्याची. गुजराती लागायची कुठे? कलाबाईला "केटला", "ओछा करो" आणि "नथी जोईतू" एवढं यायचं. बाजारात भाव करायला ते पुरे होतं. मास्तर तिला चिडवायचे, "तुनी गुजराती भाजीपुरती शे, कला."

"मंग? माले कोनासंगे बोलनं शे?" ती म्हणायची. "तुमनासंगे बोलाले अहिराणी पुरस."

एका गोष्टीवरून मात्र दोघांचं वाजलं होतं. एकुलती एक मुलगी हर्षदा. कलाबाईच्या मनात तिला महापालिकेच्या मराठी शाळेत घालायचं होतं. मास्तरांनी हट्टानं गुजराती शाळेत घातलं. पोरगी इथं जन्मली, इथंच राहणार, तर इथली भाषा तिच्या तोंडात बसली पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. आता ती आठवीत होती आणि झोपेत बडबडायची तीसुद्धा गुजरातीत.

शहाण्णव सालच्या उन्हाळ्यात, होळी होऊन गेल्यावर, एका दुपारी मास्तर एका अडलेल्या लूमवर वाकले होते. उजव्या हातातला पाना खाली पडला. त्यांनी उचलला, परत पडला. शेजारचा कामगार हसला, म्हणाला, "मास्तर, आज भांग उतरली नाही का?" मास्तर काहीतरी बोलायला गेले. लूमच्या खडखडाटात ते काय बोलले ते कुणालाच कळलं नाही. मग ते हळूच एका अंगावर कलंडले, जणू तिथंच झोपायचं ठरवलं होतं.

कलाबाई सरकारी दवाखान्यात पोचली तेव्हा त्यांचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं आणि उजवा हात कुणी दुसऱ्याचा आणून ठेवावा तसा गादीवर पडला होता. डोक्यात डाव्या बाजूला रक्त पोचलं नाही, असं तिला सांगण्यात आलं. पुढचे कितीतरी दिवस मास्तर एक शब्द बोलले नाहीत. नुसते बघत राहायचे. कलाबाईनं गावाकडच्या देवीला नवस बोलला, इथल्या अंबामातेला बोलला, दर्ग्याचा दोरा आणून मनगटाला बांधला. एकच मागणं, मनुस बोलू दे.

आणि एका सकाळी तो बोलला. कलाबाई ओल्या फडक्यानं त्यांचे ओठ पुसत होती. मास्तरांनी तिच्याकडे बघितलं, घसा खाकरला आणि जरा जड पण स्वच्छ आवाजात म्हणाले,

"पाणी आपो ने, बेन."

कलाबाईनं मागं वळून पाहिलं. नर्स आली असेल असं वाटलं तिला. मागं कुणी नव्हतं.

"माले वळखतस का?" तिनं विचारलं. मास्तरांनी मान हलवली. हो.

"मंग कोन शे मी?"

मास्तर बोलायला गेले. ओठ हलले, कपाळावर आठ्या पडल्या, डावा हात हवेत काहीतरी पकडायला गेल्यासारखा उठला. आणि बाहेर आलं ते तेच. "बेन." मग स्वतःच दचकल्यासारखे झाले आणि त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

घरी आणल्यावर चार दिवसांत गोष्ट स्पष्ट झाली. मास्तर बोलत होते, पण फक्त गुजराती. अहिराणीत काही म्हटलं तर त्यांना समजत होतं; मान हलवायचे, हसायचे, कुणाच्या मरणाची बातमी सांगितली तर डोळे भरून यायचे. पण उत्तर द्यायला तोंड उघडलं की गुजराती. आणि तीही सगळी नव्हे. वस्तूंची नावं अडायची, मग "पेलू, पेलू", म्हणजे ते, ते, करत हात हलवायचे. ती गुजराती होती कारखान्यातली नि रस्त्यावरची. शेठशी बोलायची, रिक्षावाल्याशी बोलायची, परक्या बाईला आदरानं बेन म्हणायची. नवऱ्यानं बायकोशी बोलायची गुजराती ते कधी शिकलेच नव्हते. शिकणार तरी कुणापाशी?

आता घरात सगळं हर्षदामार्फत चालायला लागलं. मास्तर काहीतरी सांगायचे, कलाबाई हर्षदाच्या तोंडाकडे बघायची.

"काय म्हनतस?"

"म्हणतात, पंखा बंद कर."

"येवढंच? येवढा वखत बोलना नि येवढंच?"

"मम्मी, मधलं काही माझ्याशी होतं. शाळेचं विचारत होते."

शाळेचं. म्हणजे बाप-लेक बोलत होते, आणि ती मधे भांडं घेऊन उभी. पूर्वी मास्तर कामावरून आले की हात-पाय धुता धुता दिवसभराचं सगळं तिला सांगत. कोण कुणाशी भांडला, शेठ कुणाला काय म्हणाला. ती भाकरी थापत ऐकायची. आता तिच्याच चुलीपाशी बसून ते सगळं पोरीला सांगत होते, आणि पोरगी अर्ध्यावर कंटाळून अभ्यासाला पळायची. हर्षदा शाळेत गेली की घरात दोघंच. मग मास्तर हातवारे करत, कलाबाई अंदाज बांधी. चहा मागितला तर पाणी दिलं, पाणी मागितलं तर औषध. दोघंही चिडत. ती पुढ्यात साड्यांचा ढीग घेऊन बसायची. भरतकामाच्या साड्यांच्या मागचे लोंबते धागे कापायचं काम ती घरी करायची. कात्री एवढ्या जोरात चालवायची की एकदा साडीच कापली गेली.

उषाबाईनं एके दिवशी दारात उभं राहून आवाज खाली घेतला. "बाई, राग मानू नको. पन माले ते सोंग वाटस."

"सोंग? कसाले करतीन सोंग?"

"समजस सगळं. मग बोलता येस नई हे कसं? त्या तिकडली कोनी गुजराथीन तर नई ना मनमा..."

कलाबाईनं तिला बोलू दिलं नाही. पण ती गेल्यावर ते वाक्य मात्र गेलं नाही. ते कुसळासारखं रुतून बसलं.

त्याच आठवड्यात भूपेंद्रभाई शेठ भेटायला आले. फळांची पिशवी घेऊन आले, खाटेशेजारी खुर्ची ओढून बसले. "केम छो, मास्तर?"

"हारू छे, शेठ." मास्तरांचा चेहराच उजळला. वाकडं झालेलं तोंडही जरा सरळ झाल्यासारखं वाटलं. शेठ कारखान्याचं सांगत राहिले, मास्तर "हा, हा", "बराबर", "एम नी चाले, शेठ" म्हणत राहिले. मधे एकदा ते एका लूमबद्दल काही विचारायला गेले आणि "पेलू, पेलू" वर अडले, पण शेठनं स्वतःच वाक्य पुरं करून टाकलं. शेठच्या ते ध्यानातही आलं नाही. उठताना ते खूश होते.

"मास्तर तो एकदम बराबर बोले छे! चिंता नी करता, कलाबेन."

चहाचा रिकामा कप उचलत कलाबाई उभी राहिली. घरात बसलेले दोन्ही पुरुष आता तिला बेनच म्हणत होते. बाहेर गल्लीत शेठनं कुणाला तरी सांगितलं की मास्तरांना काही झालेलं नाही, फक्त हात जरा कच्चा आहे. संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं. लोक तिला येऊन म्हणू लागले, "वैनी, नशीब चांगलं तुमचं. मास्तर वाचले." वाचले हे खरंच होतं.

मग गावाहून तिचा भाऊ भाईदास आला. त्यानं दोन दिवस सगळं बघितलं आणि म्हणाला की हे दवाखान्याचं काम नाही. कुठली तरी गुजरातीण मेलेली असेल, तिची बाधा झाली आहे; म्हणून तर हा बायकोला बहीण म्हणतो. कलाबाईला पटलं असं नाही, पण सोंगापेक्षा बाधा बरी, असं तिला वाटलं. बाधा उतरवता तरी येते.

भाईदासनं एक भगत आणला. भगतानं मास्तरांना भिंतीला टेकवून बसवलं, लिंबं कापली, निखाऱ्यावर मिरच्या टाकल्या आणि मास्तरांच्या तोंडाशी तोंड नेऊन ओरडला, "बोल, कोन शे तू? कोठली शे? कसाले धरं याले?"

खोलीभर ठसका उठला. हर्षदा खोकत बाहेर पळाली. मास्तरांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. भगतानं कडुनिंबाचा फाटा त्यांच्या पाठीवर मारला. एकदा. दुसऱ्यांदा मारायला उचलला, तशी मास्तरांची मान वर झाली आणि आवाज फुटला,

"निंघ आठून! तुना मुडदा बसो, भाडखाऊ!"

भगताचा हात हवेत तसाच राहिला. आणि कलाबाई, जी इतका वेळ पदर तोंडावर धरून कोपऱ्यात बसली होती, ती धावत पुढे आली. "ऊनं! बोलनं ऊनं! आजून बोला! बोला ना!" ती हसत होती का रडत होती ते तिलाही कळत नव्हतं. मास्तर तिच्याकडे बघत राहिले. तोंड उघडलं. पण काही आलं नाही. थोड्या वेळानं म्हणाले, "बारी खोलो ने, बेन." धूर फार झाला होता, खिडकी उघडायला सांगत होते.

भगत आपलं श्रेय घेऊन गेला. भाईदासही दुसऱ्या दिवशी गावी गेला. कलाबाईच्या मनात मात्र एक गोष्ट पक्की झाली. अहिराणी मेलेली नाही. आत आहे. राग आला की बाहेर येते. तर राग आणू.

पहिल्यांदा तिनं वरणात मीठ मुद्दाम जास्त टाकलं. मास्तरांनी घास तोंडात घेतला, थुंकला आणि शिवी आली, सणसणीत, गावाकडची, त्यांच्या बापाच्या तोंडी असायची तीच. कलाबाईनं जेवताना खाली मान घातली आणि गालातल्या गालात हसली. मग तिनं टॉवेल लपवला. चपला लांब सरकवल्या. रेडिओवर भजन रंगात आलं असताना बटण बंद केलं. दर वेळी शिवी आली. त्या शिव्या तिला गोड लागायला लागल्या होत्या हे कुणाला सांगता? दिवसभर त्या ती मनात घोळवायची. आपल्या माणसाचा आवाज, आपल्या भाषेत, आपल्याला उद्देशून! एकदा तिनं शिवीला उत्तरही दिलं, पूर्वीसारखं, कमरेवर हात ठेवून. मास्तर तिच्याकडे बघत राहिले. त्यांच्याकडून पुढचं वाक्य आलं नाही. शिवीनंतर दर वेळी असंच व्हायचं. दार उघडल्यासारखं वाटायचं आणि आत कुणीच नसायचं.

हर्षदाच्या लक्षात आलं. "मम्मी, तू मुद्दाम करतेस."

"तू गप बैस. तुना पप्पा तुनासंगे बोलतस ना? मंग तुले काय समजीन?"

एका सकाळी हर्षदा शाळेत गेल्यावर कलाबाईनं चहा केला आणि कप मास्तरांच्या हाताला लागणार नाही असा फडताळावर ठेवला. मास्तरांनी हात पुढे केला. ती धागे कापत बसली. "चा," ते म्हणाले. ती ढिम्म. "चा आपो, बेन."

"मी तुमनी बेन शे का?" ती एकदम ओरडली. हातातली कात्री तिनं जमिनीवर आपटली. "सांगा! इतला वरीस संसार कया, बेन शे का मी? नाव घ्या मनं! शिवी द्या! काय बी द्या, पन बेन म्हनू नका!"

मास्तर उठायला गेले. उजवा पाय आला नाही. ते पुढे कोसळले, फडताळाच्या कडेवर ओठ आपटला आणि गरम चहा अंगावर सांडला. कलाबाई किंचाळली, त्यांना धरून बसवू लागली. ओठातून रक्त येत होतं. शिवी येईल असं तिला वाटलं. आली नाही. मास्तर मान हलवत होते, जोरजोरात, नाही नाही अशी. डोळे वाहत होते. "ना," ते म्हणाले, "ना, बेन, ना..." आणि तो शब्द पुन्हा बाहेर पडलेला ऐकून त्यांनी डाव्या हातानं स्वतःच्याच तोंडावर मारून घेतलं. पुन्हा मारलं. तिनं तो हात धरला तेव्हा केवढा जोर होता त्यात.

सोंग नाही नि बाधा नाही, हे कलाबाईला तेव्हा कळलं. त्यांना माहीत होतं. प्रत्येक वेळी माहीत होतं.

ओठाला टाके घालायला दवाखान्यात नेलं, तेव्हा तिनं तिथल्या डॉक्टरीणबाईंना गाठलं. डॉ. मेश्राम नागपूरकडच्या, मराठी बोलणाऱ्या. त्यांच्या खोलीबाहेर रांग होती तरी कलाबाई आत शिरून बसली आणि सगळं सांगून मोकळी झाली. मीठ, टॉवेल, चहा, सगळं. डॉक्टरीणबाई रागावतील असं वाटलं होतं, त्या रागावल्या नाहीत.

"शिव्या, देवाची नावं, एक-दोन-तीन, लहानपणची गाणी, हे डोक्यात वेगळ्या जागी असतं," त्या म्हणाल्या. "बोलण्याची जागा बिघडली तरी ते राहतं. पण ते बोलणं नसतं, बाई. शिंक येते ना, तसं ते निघतं."

"म्हणजे ते मला देत नव्हते? शिव्या?"

"नाही."

एवढ्या दिवसांत कलाबाईनं त्या शिव्या किती जपल्या होत्या ते त्या बाईंना काय ठाऊक. मग तिनं विचारलं, "पण गुजरातीच का राहिली? ती तर मागून शिकलेली. आईच्या दुधासोबतची गेली नि ही राहिली?"

"नक्की कुणालाच सांगता येत नाही. कधी आधीची राहते, कधी रोज जास्त वापरलेली. कधी मागून दुसरीही परत येते, कधी येत नाही." डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "एक करा. घरात त्यांच्याशी दोन-दोन भाषा नकोत. दोन्हीकडून ओढलं की ते आणखी अडकतात. काही महिने एकच ठेवा."

"ठेवते. अहिराणीच ठेवते."

"त्यांना जी येते ती ठेवायची."

"माझ्या घरात?" कलाबाईचा आवाज चढला. बाहेरच्या रांगेतले लोक डोकावले. "माझ्या घरात मीच मुकी होऊ? मला येत नाही ती भाषा! आजार त्यांना आणि जीभ मी बदलू?"

"मला दुसरा उपाय माहीत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्या खरं बोलत होत्या, म्हणून कलाबाईला त्यांचा जास्तच राग आला.

घरी आल्यावर दोन दिवस ती कुणाशीच कुठल्याच भाषेत बोलली नाही. तिसऱ्या दिवशी हर्षदाला म्हणाली, "नवरा-बायको घरमा काय बोलतस, ते शिकाड माले."

हर्षदा लाजली. "मला काय माहीत, मम्मी? आम्हाला शाळेत निबंध शिकवतात. गायीवर, दिवाळीवर."

तेव्हा कलाबाई जशुबेनकडे गेली. जशुबेन ही रेल्वेच्या पलीकडे राहणारी विधवा बाई. गल्लीतल्या बायकांना साड्यांचं काम तीच वाटायची. इतकी वर्षं दोघी साड्या मोजण्यापलीकडे बोलल्या नव्हत्या. कलाबाईनं मोडक्या हिंदीत विचारलं, तुमचे ते होते तेव्हा तुम्हाला काय म्हणून हाक मारायचे?

जशुबेननं चष्म्यावरून बघितलं. मग तोंडाला पदर लावून हसली. "काई नी. 'अली' केता. बो गुस्सो आवे तो नाम लेता."

अली. अगं म्हणावं तसं. कलाबाई रस्ताभर तो शब्द घोळवत आली. मग धडे सुरू झाले. सकाळी चहा झाला की ती मास्तरांसमोर मांडी घालून बसायची, स्वतःच्या छातीवर बोट ठेवायची. "अली. बोलो. अली." मास्तर कपाळाला आठ्या घालून बघायचे, घाम यायचा. "अ... अली." ती आनंदानं मान हलवायची, तोच मागून शेपूट यायचं, "बेन." पावसाळाभर ती अलीबेन होती. हर्षदाला हसू आवरायचं नाही. कलाबाईला नेहमी हसू यायचं असं नाही. कधीकधी ती उठून मोरीत जायची आणि भांडी आदळायची. आपण कितीही शिकलो तरी शब्द उसनेच, असं तिला वाटे. गुजरातीत तिला भाकरी मागता यायला लागली, पण गावची आठवण सांगता येईना. आईच्या दुखण्याचं पत्र आलं तेव्हा ती अहिराणीतच रडली. मास्तर ऐकत राहिले, तिच्या पाठीवर डावा हात ठेवून. त्या दिवशी तिला ते पुरेसं वाटलं. दुसऱ्या दिवशी परत वाटेना.

मास्तरांची अहिराणी आली नाही. एखाद-दुसरा शब्द सटकायचा, "माय" किंवा "भाकर", मासळी पाण्यावर येऊन जावी तसा. पण त्यांची गुजराती मात्र सुधारली आणि पाय सुधारला. काठी घेऊन ते गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊ लागले.

दिवाळीनंतर भूपेंद्रभाईंचा निरोप आला. लूमवर नव्हे, पण तयार कापड बघायला बसणारा माणूस हवा आहे; मास्तरांना जमत असेल तर यावं. मास्तरांनी निरोप ऐकला आणि सकाळी डाव्या हातानं शर्टाची बटणं लावायला घेतली.

"क्या?" कलाबाईनं विचारलं. कुठे?

"कारखाने."

"नी जवानू." नाही जायचं.

"केम नी? हूं जवानो."

"पग जो!" ती त्यांच्या पायाकडे बोट दाखवत ओरडली. "तारो पग जो! रिक्सामां चढतो नथी! पडी जाशे तो? कोन उठावशे? शेठ?"

"पडी जाशे नहीं, मम्मी, पडी जशो," हर्षदा दप्तर भरता भरता म्हणाली.

"तू गप! ए, सांभळ. डॉक्टर ना बोली. प्रेसर छे तने. तू घरे बेस!"

मास्तर बटणावरचा हात थांबवून तिच्याकडे बघत राहिले. लग्नापासून तिनं त्यांना कधी अरे-तुरे केलं नव्हतं. हर्षदानं तोंडावर हात ठेवला. कलाबाईच्या स्वतःच्या ते लक्षातच नव्हतं. जशुबेन रिक्षावाल्यांवर नि पोरांवर ओरडायची, तिचं ऐकून ती जे शिकली होती ते बाहेर पडत होतं.

"हूं," मास्तर म्हणाले, आणि अडले. घाम आला. त्यांचं वाक्य तिनं पुरं केलं नाही, नुसती कमरेवर हात ठेवून वाट बघत उभी राहिली. "हूं... आखो दाडो... घरमां... सुं करू? तारी... तारी कच कच सांभळू?"

दिवसभर घरात बसून तुझी कटकट ऐकू का? समजायला तिला हर्षदाकडे बघावं लागलं नाही.

"कच कच?" ती म्हणाली. "मारी कच कच?"

आणि मग जे सुरू झालं ते गल्लीनं ऐकलं. उषाबाई दारात येऊन उभी राहिली, पण तिला त्यातलं निम्मंच कळलं. मास्तर एक वाक्य जुळवेपर्यंत कलाबाईची चार व्हायची, त्यातली तीन चुकीची. तो पाय, ती पाय, लिंग-वचन सगळं उलटसुलट. मास्तरांचा शब्द अडला की ते काठी आपटत, तिचा अडला की ती भांडं. शेवटी मास्तरांनी चप्पल पायात अडकवली, "जाऊ छू" म्हणाले आणि भिंतीला धरत पायऱ्या उतरून गेले. गल्लीच्या तोंडाशी रिक्षा उभी होती. रिक्षावाल्यानं त्यांना हाताला धरून चढवलं.

कलाबाई दारात उभी राहून बघत होती. तिला अजून कितीतरी बोलायचं होतं. तोंडापर्यंत आलं होतं सगळं, पण अहिराणीत.

"मम्मी, पप्पांना 'तू' म्हणालीस," हर्षदा मागून म्हणाली.

"गुजरातीमा म्हनलं. तेन्हा काय राग?" तिनं पदर खोचला. "हट्टी मानसाले काय म्हनतस गुजरातीमा?"

"जक्की."

"याच्याहून मोठा नई का?"

हर्षदाला माहीत नव्हता; ती दप्तर घेऊन शाळेला पळाली. कलाबाईनं साड्यांचं गाठोडं काखेत मारलं, दाराला कडी घातली आणि जशुबेनच्या घराकडे निघाली. संध्याकाळी मास्तर परत येण्याआधी तिला तो शब्द हवा होता.